गावाचा ऑन-कॉल

तुमच्यापैकी ऑन-कॉल कोण कोण असतं? हात वर करा बघू.

म्हणजे महिन्यातून एक आठवडा फोन उशाशी, आवाज फुल्ल, आणि रात्री अडीच वाजता कुठल्याशा सर्व्हरनं मान टाकली की चष्मा शोधत शोधत लॅपटॉप उघडायचा. मी असते. गेली आठ वर्षं. आणि कुरकुर कितीही केली तरी आतून जाम भारी वाटतं. दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी डोळे चोळत उभं राहायचं आणि कुणीतरी विचारायची वाट बघायची. "काय गं, झोप झाली नाही?" "अरे, रात्री तीनला प्रॉडक्शन डाऊन होतं ना..." मग मॅनेजरचा कौतुकाचा मेल, सगळ्या टीमला सीसी, वर एक कॉम्प-ऑफ. अख्खी कंपनी आपल्याच खांद्यावर उभी आहे असं वाटायला एवढं पुरतं!

माझा हा तोरा उतरला तो २८ सप्टेंबर २०२५च्या रात्री.

रविवार होता. नवरात्र चालू. दुसऱ्या दिवशीचा रंग मोरपंखी, ऑफिसच्या ग्रुपवर फोटोची वेळसुद्धा ठरलेली. मी कपाटात डोकं घालून मोरपंखी कुर्ता शोधत होते आणि फोन वाजला. माझाच ऑन-कॉल वीक, त्यामुळे पोटात गोळा आला. पण स्क्रीनवर मामाचं नाव होतं.

"अगं, आजी पडली. अंगणात पाय सटकला. खुब्यात लागलंय, हात लावू देईना."

"मग पालमला घेऊन जा ना. गाडी काढ."

मामा दोन क्षण काहीच बोलला नाही.

"गाडी काढून नेऊ कुठं? तिकडून लेंडी, इकडून गंगा. सांजच्यापासून गावाचं बेट झालंय."

माझं आजोळ परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात. परभणी म्हटलं की लोक लगेच 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून मोकळे होतात, पुढे पालम कुठंय हे कुणी विचारत नाही. तर गंगाखेडहून लोह्याकडे निघालात की मध्ये पालम लागतं. तालुक्यातून गोदावरी जाते. गोदावरी हे नाव भूगोलाच्या पुस्तकातलं. तिकडे तिला सगळे गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठाला गंगथडी. या गंगेच्या पात्रात पालम तालुक्यातच एक खरंखुरं बेट आहे, जांभूळबेट. चारी बाजूंनी पाणी, मध्ये जांभळाची झाडं, मोर आणि एक देऊळ. जायचं तर नावेतून. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथे जायचो. तेव्हा बेट म्हणजे धमाल, एवढंच डोक्यात होतं.

पावसाळ्यात बेटांची संख्या वाढते, हे मोठं झाल्यावर कळलं.

होतं असं की, वरून जायकवाडीचं आणि माजलगावचं पाणी सुटतं आणि गंगा फुगते. ती फुगली की तिला मिळणाऱ्या लहान नद्यांचं, म्हणजे लेंडीचं, गळाटीचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे मागे तुंबत जातं. या नद्यांवरचे जुने पूल बुटके. तास-दोन तासांत पाण्याखाली. मग एका बाजूला गंगा, दुसऱ्या बाजूला तुंबलेली नदी आणि मधल्या उंचवट्यावर गाव. दूध बाहेर जात नाही, औषध आत येत नाही, शाळेचे मास्तर ज्या काठावर असतील त्या काठावर. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ येते : 'पालम तालुक्यातील गावांचा संपर्क तुटला.' आपण पुण्यात ती ओळ वाचतो आणि पान उलटतो. मीसुद्धा उलटलेलं आहे. कितीतरी वेळा.

२०२५च्या सप्टेंबरात तर अख्खा मराठवाडाच पाण्यात होता. बीड, धाराशिव, जालना, परभणी... एनडीआरएफच्या तुकड्या कमी पडल्या म्हणून लष्कर उतरलं होतं. त्यात आमच्या आजीचा खुबा ही कुणाच्या यादीत येणार?

"नाववाले मामांना सांग ना!" मी फोनवर ओरडले.

आजोळच्या गावात सगळेच मामा असतात. त्यातले हे नाववाले मामा. भोयाच्या घरातले, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. एरवी मासे धरतात, उन्हाळ्यात काठावरच्या गाळात टरबुजं लावतात. पूर आला की माणसं ऐल-पैल करतात. हे काम त्यांना कुणी दिलं? कुणीच नाही. त्यांचे वडील करायचे, म्हणून ते करतात. २००६च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, पैठणमध्ये पाणी घुसलं, तेव्हा मी आठवीत होते आणि नेमकी आजोळी होते. पाणी वेशीतून आत आलं तेव्हा आम्हा पोरांना शाळेच्या गच्चीपर्यंत त्यांनीच नेलं होतं. त्यांच्या खांद्यावरून दिसलेलं ते तपकिरी पाणी आजही डोळे मिटले की दिसतं.

मामानं फोन त्यांच्याकडे दिला.

"बाई, अंधार हाय. पाणी दिसंना. झाडं वाहत येयलेत वरून. एक जरी आडवं बसलं तर नाव उलटती."

"मामा, मी पैसे पाठवते. दहा हजार. वीस. आत्ता जीपे करते!"

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "झुंजुमुंजू झालं की निघतो. तवर म्हातारीला हलवू नका." आणि फोन मामाच्या हातात परत.

त्या रात्री मी त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मनातल्या मनात म्हणाले, म्हणून वाचले. कसला नावाडी हा? माझी आजी कळवळतेय आणि हा उजाडायची वाट बघतोय?

पावणेदोनला दुसरा फोन वाजला. ऑफिसचा. कुठलीतरी सर्व्हिस पडली होती. लॅपटॉप उघडला, दोन कमांड मारल्या, अकरा मिनिटांत सगळं हिरवं. माझा सर्व्हर उठून बसला. आजी तशीच पडून होती.

सकाळचा सीन मी मामेभावानं काढलेल्या व्हिडिओत पाहिला. नंतर अनेकदा पाहिला, म्हणून तुम्हालाही दाखवते.

उजाडतंय. नाव काठाला. लाकडी, जुनी, डांबर फासलेली. नाववाले मामा, त्यांचा मुलगा, किराणा दुकानवाला आणि एक एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा, अशी चौघांची टीम. कुणाच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही. एकाच्या कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब. आजी बाजेवर, बाजेला सोलानं आवळलेली, बाज नावेत आडवी. तेवढ्यात गावातली अजून पाच-सात माणसं नावेत चढतात. कुणाला दवाखान्यात जायचंय, कुणाला बँकेत, एकाच्या हातात कोंबडी. नाववाले मामा काहीही न बोलता एकेकाला दंडाला धरून खाली उतरवतात. गावातले एक वजनदार गृहस्थही (दोन्ही अर्थांनी!) त्यात आहेत. ते तणतणतात. मामा कासवाच्या गतीनं त्यांचीही चप्पल उचलून काठावर ठेवतात. विषय संपला.

मग नाव सुटते. पण समोर नाही. काठाकाठानं वरच्या अंगाला, बांबू रेटत रेटत. मला वाटलं, हे उलटं कुठे निघाले? बरंच वर गेल्यावर नाव तिरकी पाण्यात घातली आणि मग प्रवाहच तिला ढकलत, खाली ओढत बरोबर समोरच्या काठाला घेऊन आला. पाण्याशी भांडायचं नाही, त्याचाच धक्का वापरायचा. वल्हं फक्त नावेचं तोंड सांभाळायला. पल्याड रस्त्यावर जीप उभी होती. पालमला पहिला उपचार, तिथून नांदेड, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. आजी वाचली. आता वॉकर घेऊन घरभर फिरते आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. म्हणजे पूर्ण बरी आहे.

मी नांदेडला पोहोचले तेव्हा नाववाले मामा दवाखान्यात आजीच्या उशाशी बसलेले. मी पर्स उघडली. त्यांनी हात जोडले.

"भाचीकडून पैसे घेत नसतेत, बाई."

गावाच्या लेकीची लेक म्हणजे गावाची भाची. तिला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. वीस हजारांची ऑफर देणाऱ्या भाचीला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पुण्यात परत आल्यावर मला एक नाद लागला. रात्री झोप आली नाही की मी जगभरच्या नावाड्यांबद्दल वाचायची. त्यात एक भन्नाट गोष्ट सापडली.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रात कुणी अडकलं तर वाचवायला जाणारी जी संस्था आहे ना, 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन', ती सरकारी नाही. देणग्यांवर चालते. दोनशेच्या वर केंद्रं आहेत, त्यातली काही आडबाजूच्या बेटांवर, आणि बोटीवरचे बहुतेक लोक व्हॉलंटियर. म्हणजे कुणी सुतार, कुणी शिक्षिका, कुणी हॉटेल चालवणारा. खिशात पेजर. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. आमच्या किराणावाल्यासारखंच! फरक एवढाच की धावत जिथे पोहोचायचं तिथे त्यांचा सूट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट खुंटीवर वाट बघत असतं.

ही संस्था सुरू झाली १८२४ साली. सर विल्यम हिलरी नावाचे गृहस्थ आइल ऑफ मॅन या बेटावर राहायचे. डोळ्यांसमोर जहाजं फुटायची, काठावरचे लोक मिळेल त्या नावेतून वाचवायला जायचे आणि कधी कधी परत यायचे नाहीत. हिलरी स्वतःसुद्धा साठीच्या घरात असताना अशा नावांमधून गेलेले आहेत. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लंडनमधल्या पहिल्याच सभेत ठराव झाले, त्यात बुडणाऱ्यांना वाचवायचं हे तर होतंच. त्याचबरोबर वाचवायला गेलेला माणूसच गेला तर त्याच्या बायकापोरांचं बघायचं, हेही होतं. १८२४ साली! आपल्याकडे पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती, आणि तिकडे नावाड्याच्या विधवेचा ठराव पास होत होता.

आणि हा ठराव नुसता कागदावर राहण्यासारखा नव्हता. १७ मार्च १९६९च्या रात्री स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या लाँगहोप गावची लाइफबोट एका जहाजाच्या मदतीला निघाली आणि उलटली. आठही जण गेले. त्यात बोटीचा म्होरक्या होता आणि त्याचे दोन मुलगे. छोट्याशा गावातली आठ कर्ती माणसं एका रात्रीत. मला वाटलं, इथे गोष्ट संपली. पण पुढच्याच वर्षी गावात नवी बोट आली आणि तिच्यात बसायला गावातलेच नवे लोक पुढे आले.

कशाच्या जिवावर आले असतील? धाडस असणारच. पण मागे कुणीतरी आहे हा भरवसाही असणार. मी व्हिडिओ पुन्हा लावला. चार माणसं, एक ट्यूब. त्यातला एक बाप आणि एक मुलगा, एकाच नावेत.

इथे तुम्ही म्हणाल, अगं पण एनडीआरएफ आहे ना! आहे, आणि कमाल काम करते. महाराष्ट्रासाठीची त्यांची बटालियन आपल्या पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून पालम चारशेच्या आसपास किलोमीटर. पुराचा अंदाज असला की तुकड्या आधीच जिल्ह्यांत जाऊन थांबतात, पण प्रत्येक गावाला एक तुकडी कशी पुरणार? पहिले काही तास, कधी पहिली रात्र, गावाची गावालाच काढावी लागते. २०१८च्या पुरात केरळच्या मच्छीमारांनी ट्रकवर बोटी चढवून गावंच्या गावं बाहेर काढली. कोल्हापुरात पूर आला की 'व्हाइट आर्मी'ची मुलं पाण्यात दिसतात. आधी जवळचा माणूस पोहोचतो, मग लांबचा.

पण जवळच्या माणसाकडे नुसती हिंमत असून भागत नाही, हेही आपण पाहिलंय. ८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. त्यात बायका होत्या, लहान लेकरं होती. ती बातमी आठवली आणि नाववाले मामांनी दंडाला धरून उतरवलेली ती पाच-सात माणसं मला नव्यानं दिसली. आणि अंधारात नाव घालायला दिलेला नकारही. आमच्या टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी नवं काही लाइव्ह करायचं नाही असा नियम आहे. का, ते सगळ्यांना पटतं. मग काळोख्या पुरात नाव घालायची नाही हे मला का पटलं नव्हतं?

जानेवारीत मी पुन्हा आजोळी गेले. या वेळी रिकाम्या हातानं नाही. आमच्या टीममधल्या सहा जणांनी काँट्री काढली होती आणि माझ्यासोबत दहा लाइफ जॅकेटं, दोन दमदार टॉर्च, शिट्ट्या आणि जाड दोरखंड होता. गंगाखेड स्टेशनवर हमालानं विचारलं, "लग्नाचं सामान का?"

नाववाले मामा मला जांभूळबेटाला घेऊन गेले. जांभळांचा सीझन नव्हता, पण मोर होते. पुरानं बेटाचा काठ जागोजागी ढासळलेला, झाडांची मुळं उघडी. आम्ही नाव लावून बसलो. मी एक जॅकेट पुढे केलं.

"पोरांला द्या. मला काय करायचं? जलमापासून पवतोय."

मग मी त्यांना व्हिटबीची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं गाव. ९ फेब्रुवारी १८६१. वादळात एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर येऊन आदळतायत. तेरा जणांची लाइफबोट सकाळपासून फेऱ्यांवर फेऱ्या मारतेय, माणसं काढतेय. शेवटच्या फेरीत बोट उलटली. किनाऱ्यावर सगळं गाव बघत असताना बारा जण गेले. सगळे समुद्रावर वाढलेले. एकच वाचला. त्याच्या अंगात तेव्हा नवीनच निघालेलं बुचाचं जॅकेट होतं.

मामा बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तेरात एक?"

"हो."

त्यांनी जॅकेट अंगात चढवलं. बंद उलटे लागले, ते मी नीट लावून दिले.

"तुमच्या हापिसात रात्रीचं उठवलं तर पैसे देतेत का?"

"देतात. वर एक सुट्टी."

ते मनापासून हसले. "आमाला भाकर देतेत. गरम."

मग हसू थांबलं आणि त्यांनी मला जे विचारलं ते मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरतेय. "भाचीबाई, म्या गेलो तर गेलो. वय झालं. पण पोरगं बी नावेतच असतंय. दोघं बी गेलो तर घरी बघायला कोण हाय?"

दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या सभेत विचारला गेलेला प्रश्न. तोच. गंगेच्या मधोमध.

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण सवयीप्रमाणे फोन होता. घरी येऊन बघितलं तर 'प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना' नावाची एक योजना आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कुणालाही. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख. हप्ता किती? वर्षाला २० रुपये. हो, वीस. माझ्या रोजच्या कॉफीत नाववाले मामांच्या अख्ख्या टीमचा वर्षाचा हप्ता भरून वर सुट्टे उरतील! चौघांपैकी एकाचाच काढलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बँकेच्या रांगेत. दोन लाखांत घर चालत नाही, मला माहितेय. पण शून्यापेक्षा ते बरंच पुढे आहे.

दुसरं सापडलं 'आपदा मित्र'. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना २०१६ साली मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख व्हॉलंटियर तयार करण्यापर्यंत गेली. बारा दिवसांचं ट्रेनिंग, एक किट आणि विमा. आता मेख ऐका. वयाची अट १८ ते ४०. म्हणजे गंगेचा प्रत्येक भोवरा ज्यांना नावानिशी माहीत आहे ते नाववाले मामा बाद! पण मुलगा बसतो. एमपीएससीवाला बसतो. किराणावालाही, काठावर का होईना, बसतो. मामांना मी जरा बिचकतच सांगितलं. ते म्हणाले, "मग बरंच हाय की. त्यायला शिकवा. म्या त्यायला पाणी शिकवतो."

अजून एक धडा. जॅकेटं ठेवायची कुठे यावर गावात अर्धा दिवस मीटिंग झाली. एक मत असं की सरकारी इमारतीतल्या कपाटात, कुलपात, म्हणजे चोरी होणार नाही. नाववाले मामा एवढंच म्हणाले, "चावीवाला पल्याड अडकला तर?" जॅकेटं आता त्यांच्या ओसरीत खुंट्यांना टांगलेली आहेत. येता-जाता पोरं घालून बघतात. बघू देत. बंद कसे लावायचे ते तरी येईल.

निघायच्या आदल्या रात्री जेवताना मामांनी मला ऑन-कॉल म्हणजे नक्की काय ते विचारलं. मी सांगितलं, सहा जणांची टीम, एक आठवडा एकानं जागायचं, बाकीच्यांनी निवांत झोपायचं. पहिल्यानं फोन उचलला नाही तर दुसरा ठरलेला असतो.

त्यांनी भाकरीचा घास हातात तसाच धरला.

"म्हंजी बाकीचे झोपतेत?"

"हो."

"म्या तीस वर्षं पावसाळ्यात झोपलो नाही गं."

कुणी सांगितलंच नव्हतं, की पाळी लावता येते. कारण पाळी लावायला आधी टीम आहे हे मान्य करावं लागतं. गावाला वाटत होतं नाववाले मामा आहेत. त्यांना वाटत होतं आपणच आहोत. आणि बाकी तिघं आपापल्या घरी आपण नुसते मदतीला जातो असं समजत होते.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक आठवड्याखाली दोन-दोन नावं लिहिली. एक पहिला, एक दुसरा. नाव घालायची की नाही, हा शेवटचा शब्द मात्र कायम नाववाले मामांचा. त्यावर मीटिंग नाही, मत नाही, जीपे तर नाहीच नाही!

तर मंडळी, तुमचंही कुठेतरी आजोळ असेल. पंचगंगेच्या काठचं, सावित्रीच्या, वैनगंगेच्या. तिथेही एक नाववाले मामा असतील, त्यांच्या घरी जॅकेट नसेल आणि वीस रुपयांचा कागदही नसेल. यंदा पावसाळ्याआधी एक फोन करून विचारा. एवढंच. फॉरवर्ड नका करू, फोन करा.

परवा मामाचा फोन आला होता. म्हणाला, "नाववाले मामांनी कॅलेंडरावर एक नाव वाढवलंय. तुझं."

"माझं? मला तर पोहतासुद्धा येत नाही!"

"तुला कोण पाण्यात घालतंय? वरी धरणातून किती पाणी सोडलं ते रात्रीचं बी मोबाइलवर येतंय म्हणं. तू जागीच असतीस. ते बघायचं आन् हिकडं फोन करायचा. जूनचा पहिला आठवडा तुझा."

तेव्हापासून मी दोन ऑन-कॉलवर आहे. दुसऱ्याला कॉम्प-ऑफ नाही, कौतुकाचा मेल नाही. पण गेले की भाकर मिळणार आहे. गरम.